मनगटातली आठ हाडं

माझी लेक फिजिओथेरपीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेचा ताण आला की ती भांडी घासते. भांडी संपली की खिडक्या, खिडक्या संपल्या की पंखे. पहिल्या वर्षी तिने माझ्या चपलांचे तळ घासले होते.

शेजारच्या मावशी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "पोरीची परीक्षा कधी हो?" मला वाटायचं, बाईंचा जीव आहे पोरीवर. मग एकदा त्या जळकी कढई घेऊनच आल्या. म्हणाल्या, "असू दे, तिचाही अभ्यास होईल."

कॉलेजने पालकांची सभा घेतली, तिथे एका मॅडमचं भाषण झालं. त्या म्हणाल्या, ताणाला घाबरू नका, त्याला कामाला लावा. मी हात वर केला. "लावलाय मॅडम. आमच्या मजल्यावरची सगळी भांडी झाली." सगळे हसले. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

लेखी परीक्षेत ती कधी अडली नाही. अडली ती तोंडी परीक्षेत. तिची आई वारली त्याला दोन महिने झाले होते. परीक्षकांनी तिच्यापुढे सांगाड्याचं मनगट ठेवलं आणि हाडं विचारली. ती अकरा मिनिटं गप्प बसली, मग "थँक्यू सर" म्हणून उठली आणि बाहेर पडली.

पूर्वी तिची उत्तरं तिची आई ऐकायची. मटार सोलत स्टुलावर बसायची, मांडीवर पुस्तक उघडं. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. तरी मध्येच म्हणायची, "एक राहिलं." कोणतं राहिलं ते तिला माहीत नसायचं, पण राहिलेलं असायचंच.

आता तीच तोंडी परीक्षा पुन्हा होती आणि परीक्षकही तेच. या वेळी नापास झाली तर वर्ष जाणार होतं.

पंधरा दिवस आधीपासून घर चकचकायला लागलं. एक गोष्ट मी बघून ठेवली होती. हातात फडकं असलं की पोरगी घडाघडा बोलते. टेबलाशी बसवली की चौथ्या हाडाला थांबते. मी कुलूप-किल्लीवाला माणूस, शाळा सातवीपर्यंत. पण ऐकून ऐकून मनगटाची आठही हाडं मला पाठ झाली. मनगटात आठ हाडं असतात हे मला पन्नाशीनंतर कळलं. तोवर ती आठही मी कानस मारायला फुकट वापरत होतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, किल्ली द्या."

कोणती ते मला कळलं. तिच्या आईच्या कपाटाची.

"बाकीचं सगळं झालं?"

"झालं."

"गॅसची नळी?"

"काल पुसली."

"मावशींची कढई?"

"त्या दारच उघडत नाहीत. म्हणतात, आता घासलीस तर भोक पडेल."

"ते कपाट राहू दे," मी म्हटलं.

त्या कपाटाचं कुलूप मी तिची आई गेली त्या आठवड्यात बसवलं होतं. त्या आठवड्यात मी घरातली सगळीच कुलपं बदलली. बाथरूमचंही बदललं आणि भेटायला आलेला मेहुणा अर्धा तास आत अडकला. मला दुसरं काय करावं सुचत नव्हतं. कपाट मात्र त्यानंतर उघडलं नव्हतं. उघडलं की आतला वास जाईल असं वाटायचं.

लेक वाद न घालता टेबलाशी जाऊन बसली. "स्कॅफॉइड, लुनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म..." आणि थांबली. रिकामे हात मांडीवर, एका नखाने दुसरं नख उकरत होती.

"ट्रॅपेझियम," मी म्हटलं.

"मला सांगून काय उपयोग? उद्या तुम्ही येणार आहात का आत?"

मी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "वास जाईल तिचा," एवढंच म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. "मी फळ्या पुसते फक्त. कपडे होते तसेच ठेवू. तुम्ही धरून बसा."

मी त्याच स्टुलावर बसलो. स्वेटर, शाल, चष्म्याचं घर, गरम पाण्याची पिशवी असं एकेक ती माझ्या मांडीवर ठेवत गेली. फळी पुसताना हाडांची नावं घेत ती कवटीपासून निघाली आणि मानेवरून हातात उतरली. मी स्वेटर धरून तिच्याकडे बघत होतो.

"एक राहिलं," मी म्हणालो.

ती फडकं धरून वळली. "कोणतं?"

"नावांकडे माझं लक्षच नव्हतं. तुझं तोंड बघून म्हणालो."

तिने बोटांवर मोजलं. मनगटाची सातच झाली होती. "हॅमेट," ती म्हणाली, आणि तीच फळी पुन्हा पुसायला लागली. फळी कधीच चांगली स्वच्छ झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. पुढे दुकानात जायचं होतं म्हणून हत्यारांची पिशवी बरोबर होती. परीक्षेच्या खोलीबाहेर बाक होता. दाराच्या हँडलची कडी ढिली होती, त्यामुळे दार लागतच नव्हतं आणि आतलं सगळं ऐकू येत होतं.

"हं, मनगट," परीक्षक म्हणाले.

आत काहीच आवाज नाही. मी मनात मोजायला लागलो. चाळीसपर्यंत आलो.

"सर, याच्यावर धूळ आहे," लेक म्हणाली.

"असेल. मग?"

"पुसू का?"

खुर्ची करकरली. मग परीक्षक म्हणाले, "पूस."

"स्कॅफॉइड," लेक म्हणाली. "लुनेट. ट्रायक्वेट्रल. पिसिफॉर्म." थांबली. रुमाल घासल्याचा आवाज आला. "ट्रॅपेझियम. ट्रॅपेझॉइड. कॅपिटेट. हॅमेट."

"बरं. आता कोपर."

"तिथे जास्त आहे, सर."

माझे हात मात्र रिकामे होते. ती खांद्यापर्यंत पोचली तोवर मी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला होता. कडीचे दोन स्क्रू कसले, एक बदलला, चौकटीत बसणाऱ्या जिभेला जरा कानस मारली. परीक्षकांनी गुडघ्याचा प्रश्न सुरू केला आणि दार टक करून बसलं. आता काहीच ऐकू येईना. पुढची वीस मिनिटं मी आपल्याच हाताने नीट केलेल्या दाराकडे बघत बसलो. इतकं चांगलं काम केल्याचा मला आयुष्यात पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

शेवटी आतून दार वाजलं. "कोणी बाहेरून लावलं हे?" परीक्षक विचारत होते.

"लावलं नाही साहेब. हँडल खाली दाबा."

दार उघडलं. लेकीचा रुमाल काळाकुट्ट झाला होता आणि मागे सांगाडा नवा आणल्यासारखा उभा होता. तिने माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर बघितला. "बाबा, तुम्हीसुद्धा?"

परीक्षकांनी हँडल दोनदा वरखाली करून बघितलं. "पास आहे ती," ते म्हणाले. "तुम्ही वडील का? मग जरा पलीकडच्या खोलीत येता? एक कपाट चार वर्षं उघडत नाहीये."

मी ते उघडून दिलं. आत आणखी एक सांगाडा निघाला. लेक त्याच्याकडे बघत राहिली, तिला मी दंडाला धरून बाहेर आणली.

घरी आल्यावर तिने आईच्या कपाटाची किल्ली माझ्यापुढे धरली.

"तुझ्याकडेच ठेव," मी म्हटलं. "वर्षातून दोनदा परीक्षा असते. तेवढीच तिच्या कपड्यांना हवा लागेल."

"आणि वास?"

काल ते स्वेटर मी तासभर मांडीवर धरून बसलो होतो. वास अजून होता. मी तिला तसं सांगितलं. तिने किल्ली पर्समध्ये टाकली आणि भांडी तशीच ठेवून झोपायला गेली. मग ती मी घासली.