माल पास, सही बाकी

ज्याने वस्तू बनवली त्याने ती पास करायची नाही, असा फॅक्टरीत नियम होता. कुंदाताई खेरांनी तो निवृत्तीनंतर घरीही चालू ठेवला. चाळीस वर्षं त्या तपासणी विभागात होत्या आणि न तपासता त्यांनी एका कागदावर सही केली नाही. त्यापायी मोठमोठ्या साहेबांचा रोष ओढवून घेतला. भय्यासाहेब त्याच फॅक्टरीत फिटर. लग्नाआधी त्यांनी घडवलेले बावीस नग कुंदाताईंनी परत पाठवले होते. तरीही त्या गृहस्थांनी मागणी घातली, यावरून चिकाटी कळावी.

ही चिकाटी गेली तीन वर्षं दीक्षितपुऱ्यातल्या घराच्या खालच्या खोलीत एका मोटारसायकलवर खर्च होत होती. १९७४ सालची, मातीतल्या शर्यतींसाठीच बनवलेली परदेशी गाडी. दिवा नाही, हॉर्न नाही, मागे बसायला जागा नाही. कटंगीकडच्या एका गोठ्यात तिच्यावर कोंबड्या बसायच्या; घरी आणून सायलेन्सर उघडला तर आतून पिसं निघाली. सुटे भाग तर मिळायचेच नाहीत. कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल जिथून सुटतं तो पितळेचा बारीक तुकडा, शेवटी सराफ्यातल्या एका सोनाराकडून घडवून घेतला. कुंदाताईंनी त्याच्या भोकात तार घालून बघितली आणि तो परत पाठवला. दुसराही परत गेला. "बहनजी, नथ में भी लोग इतना नहीं देखते," असं म्हणत सोनाराने तिसरा केला, तेव्हा कुठे काम झालं.

येत्या रविवारी बरगी रस्त्यावरच्या मुरमाच्या मैदानात जुन्या गाड्यांची शर्यत होती. योगेंद्र नावाच्या एका हौशी तरुणाने ती भरवली होती. साठीपुढच्या स्वाराला घरच्या एकाची सही लागेल, असा त्याचा नियम. भय्यासाहेब सदुसष्ट वर्षांचे. पंचविशीत ते असल्या शर्यती बघायला मैलोनमैल सायकल हाणत जायचे आणि घरी येऊन महिनाभर तेच बोलायचे. एकदा तरी स्वतः धावायचं, एवढंच त्यांना हवं होतं. फॉर्म मात्र कुंदाताईंच्या सहीवाचून चार दिवस फ्रीजवर पडून होता.

गुरुवारी सकाळी दोघं गाडी टेम्पोत घालून सरावाला गेली. मैदानात योगेंद्र चुन्याने रेघा आखत होता. भय्यासाहेबांनी खिशातून फॉर्म काढून पुन्हा पुढे केला.

"अगं, गाडी तू स्वतः पास केली. मग सही काहून अडवून राहिली?"

"उभी गाडी पास केली. त्या उंचवट्यावरून उडाल्यावर ती काय करते, हे मी कुठे तपासलं?"

"तर मग उंटावरून शेळ्या हाकणं सोड ना! बस आणि बघ!"

ते चिडून बोलले होते. पण हे वाक्य कुंदाताईंच्या बरोबर जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. त्यांनी ओढणी कमरेला बांधली आणि हेल्मेट मागितलं. माहेरी भावाची मोटारसायकल त्यांनी चोरून भरपूर पिदडली होती, आणि पुढे स्कूटी तर रोजचीच.

गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली ती फाडफाड आवाज करत, मुरूम मागे उधळत. पहिलं वळण त्यांनी देवाचं नाव घेत काढलं. मग तो उंचवटा आला. दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली, जास्तीत जास्त वीतभर, आणि आता हाड मोडलं असं वाटेपर्यंत खाली जमीन आली. गाडी सरळच्या सरळ उभी राहिली. हेल्मेटच्या आत कुंदाताई मोठ्याने हसल्या. नवरा तीन वर्षं काय बडबडत होता ते त्यांना आत्ता कळलं. कोणी सांगितलं नसताना त्यांनी दुसरी फेरी मारली.

परत येऊन त्यांनी इंजिनाला हात लावून बघितला, चेन बघितली.

"मागचा ब्रेक जरा उशिरा लागतो, तो घट्ट करा. बाकी माल पास." सीटवर कागद ठेवून त्यांनी सही केली.  भय्यासाहेब नुसतेच चष्मा पुसत राहिले.

"योगेंद्र भैया," कुंदाताई म्हणाल्या, "एक फॉर्म और देना. लेडीज़ चलती हैं ना?"

"क्यों नहीं, आंटीजी! गाड़ी यही? तो अंकल सुबह, आप दोपहर में."

"वय त्रेसष्ट," त्यांनी फॉर्म भरून नवऱ्यापुढे धरला. "चलो, सही करा."

भय्यासाहेब आधी हसले. मग पेन घेऊन फॉर्म वाचायला लागले. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"कुंदा, पडलीस तर?"

"तुम्ही पडलात तर?"

"माझं वेगळं आहे."

"काहून?"

 भय्यासाहेबांनी पेन खिशात घातलं. कुंदाताईंच्या हनुवटीखालचा पट्टा ओढून बघितला, एक घर आवळला. मग दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि नव्याने बांधल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने 'जपून जा' एवढंसुद्धा कधी धड म्हटलं नव्हतं.

"अजून एक चक्कर मार," ते वर न बघता म्हणाले. "माझ्यासमोर. मी पाहून राहिलो. मग सहीचं बघू."

तपासणीत परत पाठवलेल्या माणसाला राग यायला हवा. कुंदाताईंना उलट इतकं भरून आलं की त्यांनी वादच घातला नाही. त्यांनी किक मारली आणि नवऱ्याला नीट दिसावं म्हणून गाडी अगदी हळू काढली.