लग्नासाठी राखून ठेवलेला रेझर

मित्रांनो, मी एक जुना रेझर आहे. दाढी करायचं यंत्र. वयाने जुना झालो, पण अंगाने नाही. माझी चकाकी अजून दुकानातल्यासारखी आहे आणि माझं दुःख नेमकं तेच आहे. ज्या गालासाठी मला घरात आणलं, त्या गालावर मी फार उशिरा फिरलो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेचा दांडा लेथवर फिरला, त्यातून माझी मूठ निघाली आणि वर पांढरी झिलई चढली. माझ्या डोक्याला दोन झडपा आहेत. मुठीचं टोक फिरवलं की त्या दारासारख्या उघडतात. पातं आत ठेवायचं आणि पुन्हा बंद करायचं. मानेशी एक कडं आहे, त्यावर आकडे कोरलेले आहेत. आकडा लहान ठेवला तर पातं अगदी हळुवार चालतं, मोठा ठेवला तर खोल धरतं. आमच्याकडच्या बाजारात तेव्हा असं यंत्र कुणी पाहिलं नव्हतं.

मला मागवलं दिपमालाने. ती जळगावला पाइपांच्या कारखान्यात, तपासणी विभागात नोकरीला होती. तिचे वडील, नवल, भडगावात राहायचे. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना एसटीचे चालक होते. प्रवासी गाडीत चढताना आधी चालकाचं तोंड बघतात, असं ते म्हणायचे आणि दाढी केल्याशिवाय कधी ड्युटीवर जायचे नाहीत. त्यांच्याकडे ॲल्युमिनियमचं एक हलकं यंत्र होतं. नानांच्या हनुवटीखाली लहानपणी पडल्याची एक खोलगट खूण होती. ते यंत्र तिथे हमखास लागायचं. मग तुरटी चोळायची, कागदाचा कपटा चिकटवायचा आणि निघायचं. दिपमाला लहानपणापासून तो कपटा बघत आली होती. म्हणून तिने बरीच शोधाशोध केली आणि ती खूण सांभाळून चालेल असा मला निवडलं.

तिने खोका उघडून मला नानांच्या हातात दिलं. त्यांनी माझं वजन पाहिलं, कडं फिरवून पाहिलं, झडपा दोनतीनदा उघडल्या-मिटल्या. त्यांच्या बोटांना मी आवडलो, हे मला लगेच कळलं.

“एवढं भारी कसाले लई उनी?” ते आपल्या अहिराणीत म्हणाले.

“तुमच्यासाठीच आणलंय नाना. उद्या सकाळी करून बघा.”

“नही. तुना लगीनना दिवसले काढसू. तोपर्यंत मनं जुनंच बरं शे.”

दिपमाला हसली. तिची आई कोकिळाही हसली. नानांनी मला मखमलीच्या खाचेत परत बसवलं आणि कपाटात, धुतलेल्या धोतराच्या घडीवर ठेवलं. त्यात कंजूषपणा नव्हता. चांगली वस्तू चांगल्या दिवसासाठी ठेवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. मलाही त्या दिवसाची वाट बघण्यात आनंद होता. रोज सकाळी अंगणातून जुन्या यंत्राची खरखर ऐकू यायची आणि मी मनात म्हणायचो, थांब, माझाही दिवस येईल.

नाना निवृत्त झाले. तरी रोजची दाढी सुटली नाही.

मग एका रविवारी दिपमाला घरी आली आणि तिने प्रशीलबद्दल सांगितलं. प्रशील तिच्याच कारखान्यात होता, मूळचा धुळ्याचा. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“नाना, तो आपल्या समाजातला नाही, हे मी आधीच सांगते. बौद्ध आहे. पण तुम्ही एकदा भेटा त्याला. मग काय ते ठरवा.”

नाना रागावले नाहीत.

“मानूस चांगला व्हई,” ते म्हणाले. “तू निवडेल शे म्हंजे चांगलाच व्हई. पन गावमा मी कसं तोंड दखाडू?”

“मग मी काय करू?”

“माले काही इचारू नको.”

दिपमाला संध्याकाळच्या गाडीने परत गेली. त्यानंतर तिचे फोन कोकिळालाच यायचे. नाना त्या वेळी अंगणात जाऊन उभे राहायचे, पण फार लांब जायचे नाहीत.

काही महिन्यांनी तिने नानांना फोन केला. उद्या जळगावला कचेरीत नोंदणीने लग्न आहे, असं तिने सांगितलं. “तुम्ही या. नाही आलात तरी मी रागावणार नाही.” नानांनी फोन ठेवला आणि ते न जेवताच झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं आणि नानांनी मला बाहेर काढलं. मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. कोकिळाने गरम पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि नानांचा पांढरा शर्ट खुंटीला अडकवला. नानांनी नवं पातं माझ्या झडपांत बसवलं. कड्यावर लहान आकडा लावला. ब्रशने तोंडभर साबण लावला. मला उचललं आणि आरशात बघत कानाजवळ नेलं.

तेवढ्यात अंगणाच्या फाटकाशी वना आला. तो नानांचा चुलतभाऊ. शेजारीच राहायचा.

“कथा निंघनात भाऊ, सकाय सकाय?” त्याने विचारलं.

नानांचा हात तसाच थांबला.

“कोठेच नही,” ते म्हणाले.

वना पुढे निघून गेला. त्याला काही काम नव्हतं, जाता जाता विचारलं होतं. पण नाना आरशासमोर तसेच उभे राहिले. गालावरचा साबण सुकायला लागला. कोकिळा दारातून म्हणाली, “पाचोराले जानारी गाडी अजून मियी जाई.” जळगावला पाचोऱ्यावरूनच जायचं होतं. पण नानांच्या तोंडातून एकदा ‘कोठेच नही’ असं गेलं होतं. आता पांढरा शर्ट घालून वनाच्या दारावरून जायचं कसं, हे त्यांना कळेना. त्यांनी तांब्यातलं पाणी घेतलं आणि तोंड धुऊन टाकलं. मला पात्यासकट खोक्यात ठेवलं. कपाट बंद झालं.

लग्न कसं झालं ते मी पाहिलं नाही. दिपमाला कुणाची वाट बघत होती का, हेही मला माहीत नाही. ती नंतर भडगावला आली नाही, कोकिळाच पाचोऱ्याला जाऊन तिला भेटायची, एवढंच. घरी तिला कुणी या म्हटलं नाही आणि येऊ नको असंही म्हटलं नाही. नाना तर तिला बोलवावं असं रोज ठरवत असावेत. कारण ते अधूनमधून कपाट उघडायचे, खोक्यावर हात ठेवायचे आणि पुन्हा मिटायचे. किती वर्षं असं चाललं ते मी मोजलं नाही.

मग एका सकाळी नाना न्हाणीत पडले. त्यांना जळगावच्या दवाखान्यात नेलं. घरी आणलं तेव्हा त्यांचा उजवा हात निर्जीव झाला होता आणि वाचा गेली होती. दोनच शब्द उरले होते, ‘हां’ आणि ‘नही’.

दवाखान्यात दिपमालाच त्यांच्या उशाशी होती. घरीही तीच घेऊन आली. नानांची दाढी वाढली होती. गावातला बन्सीलाल न्हावी वस्तरा घेऊन आला, पण नानांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत हे कळल्यावर तो मागे सरला. “ताई, कापलं गेलं तर रक्त थांबणार नाही. माझा हात धजत नाही,” तो म्हणाला. नाना डाव्या हाताने आपला खरखरीत गाल चोळायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. कुणी बघायला आलं की चादर वर ओढून घ्यायचे.

दिपमालाने आईला विचारलं, “तो माझा रेझर कुठे आहे?”

खोका उघडला तेव्हा आतलं पातं गंजून गेलं होतं. दिपमाला ते बघत राहिली. न वापरलेल्या यंत्रात पातं कसं, हे तिला कळेना. कोकिळाने मान खाली घातली. दिपमालाने मला गरम पाण्यात धुतलं, पुसलं आणि नवं पातं घातलं. पण दुसऱ्याची दाढी तिने कधी केली नव्हती.

त्या दिवशी प्रशील तिला न्यायला आला होता. तो फाटकाबाहेर मोटरसायकलजवळ उभा होता. कोकिळा बाहेर गेली.

“बाहेर काबर उभा ऱ्हायनात? घरमा या,” ती म्हणाली.

प्रशील चपला काढून आत आला. या घरात तो पहिल्यांदाच येत होता. दिपमालाने अडचण सांगितली तेव्हा तो म्हणाला, “आधी माझ्यावर करून बघ. माझ्या गोळ्या नाहीत चालू.”

नानांच्या खाटेसमोर खुर्ची मांडली. प्रशील तिच्यावर बसला, मान मागे टाकली. नाना उशीला टेकून बघत होते. अशा रीतीने, मित्रांनो, मी पहिल्यांदा चाललो तो जावयाच्या गालावर. दिपमाला मला दाबून चालवत होती. प्रशीलच्या गळ्याशी एक बारीक लाल रेघ उमटली.

“दाबू नकोस,” तो म्हणाला. “त्याचं वजन आहे. त्यालाच चालू दे.”

तिने कड्यावरचा आकडा कमी केला, कातडी डाव्या हाताने ताणली आणि मला अलगद सोडलं. मग मी नीट चाललो. दुसऱ्या गालावर एकही रेघ उठली नाही. नाना सगळं निरखून बघत होते. तिने प्रशीलचं तोंड पुसलं आणि विचारलं, “नाना, आता तुमची करू?”

“हां,” नाना म्हणाले आणि त्यांनी आपणहून चेहरा पुढे केला.

तिने साबण लावला. एक गाल झाला. हनुवटीखालच्या खुणेवरून तिने मला इतकं सावकाश नेलं की मलाही श्वास असता तर मी तो धरून ठेवला असता. रक्ताचा थेंबही आला नाही. आणि तेव्हा कोकिळाच्याने राहवलं नाही.

“त्या रोजले यास्नी तोंडले असाच साबन लायेल व्हता,” ती म्हणाली. “तुना लगीनना रोजले. हाईच यंत्र हातमा लिसन आरसासमोर उभा व्हतात.”

दिपमालाचा हात थांबला. “मग आले का नाहीत?”

कोकिळाने फाटकावरची सकाळ सांगितली. नाना ऐकत होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलले, गळ्यातून आवाज आला, पण शब्द निघाला तो एकच, “नही.” ते पुन्हा म्हणाले, “नही.” आणि डाव्या हाताने त्यांनी दिपमालाचं मनगट धरलं. त्यांना काय म्हणायचं होतं? जायचं नव्हतं असं नाही, की माफ करणार नाहीस का, की आणखीच काही? ते कुणालाही कळलं नाही. दिपमालाने डोळे पुसले आणि राहिलेला गाल पुरा केला.

वना त्या वेळी नानांना बघायला आला होता आणि उंबऱ्याशीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

“मी तं नुसतं इचारं व्हतं,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “भाऊनी सांगं असतं तं मीबी संगे येतू.”

प्रशीलने खुर्ची उचलून वनाला बसायला दिली.

त्यानंतर दर रविवारी दोघं यायची. दिपमाला आईला मदत करायची आणि प्रशील नानांची दाढी करायचा. त्याचा हात तिच्यापेक्षा चांगला बसला. दाढी झाली की नाना डाव्या हाताने स्वतःचा गाल चाचपायचे, मग प्रशीलच्या खांद्यावर हात ठेवायचे. पुढच्या थंडीत ते गेले. शेवटची दाढीही प्रशीलनेच केली.

आता मी जळगावला प्रशीलकडे असतो. कोकिळानेच मला त्याच्या हाती दिलं. तो मला रोज वापरतो, धुतो, कोरडा करून ठेवतो. माझी काही तक्रार नाही. फक्त जी वर्षं मखमलीत गेली, ती मला परत हवी होती.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. कुणी प्रेमाने दिलेली वस्तू मोठ्या दिवसासाठी बांधून ठेवू नका, उद्या सकाळीच वापरायला काढा. वस्तू कपाटात टिकतात. माणसांचे हात आणि त्यांची वाचा टिकेलच, असं नसतं. ज्याच्याशी बोलायचं आहे, त्याच्याशी बोलता येतंय तोवर बोला.

परवा दाढी करताना प्रशीलने दिपमालाला विचारलं, “नानांचा आवाज कसा होता गं? मी ‘हां’ आणि ‘नही’ सोडून काही ऐकलंच नाही.”

ती दारात उभी होती. ती म्हणाली, “मोठा होता. गाडीत शेवटच्या बाकापर्यंत जायचा.”