पिवळी, तांबडी, निळी पट्टी

खट्.

दुपारच्या शांततेत माझी कडी वाजते आणि मला कळतं, डिसेंबर आला.

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. एके काळी हिरवीगार होते. आता कडांना गंज चढलाय, एका कुशीला पोचा आहे आणि झाकण उघडलं की मी कण्हते. थकले आहे, हे लपवून काय करू? पण पोटात शंभरावर गोष्टींची पुस्तकं घेऊन बसलेल्या ट्रंकेने आपली गोष्ट सांगू नये, हेही बरं दिसत नाही.

दिल्लीतल्या कोटला मुबारकपूरच्या एका गल्लीत मला ठोकून ठोकून घडवलं. साताऱ्याचे अण्णासाहेब केंद्र सरकारच्या नोकरीत होते. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये रजया ठेवायला त्यांनी मला विकत आणलं. दिल्लीची थंडी तुम्हाला ठाऊक नसेल. जानेवारीत धुकं इतकं दाटतं की शाळा बंद ठेवाव्या लागतात. त्या लांबलचक सुट्टीत मराठी घरांतली मुलं नुसती आळसावून पडलेली असत. अण्णासाहेबांच्या पत्नी, सुमित्राकाकू, एके दिवशी म्हणाल्या, "रजया पलंगाखाली गेल्या तर थंडीने मरणार नाहीत." झालं. रजया पलंगाखाली गेल्या आणि घरोघरून गोळा केलेली मराठी पुस्तकं माझ्यात आली. कुणी लातूरहून आणलेली, कुणी रत्नागिरीहून, कपड्यांच्या घड्यांत दडपून.

अण्णासाहेब फायलींतले माणूस. त्यांनी प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर रंगीत कागदाची पट्टी चिकटवली. सात वर्षांपर्यंतच्या मुलांना पिवळी, आठ ते दहाला तांबडी, अकराच्या पुढे निळी. सुट्टीआधी प्रत्येक मुलाच्या नावाची आणि वयाची चिठ्ठी लिहायची, पट्टी बघून पुस्तकं काढायची, सुतळीने गठ्ठा बांधायचा, चिठ्ठी खोचायची. संक्रांतीला सगळ्यांनी एकत्र जमायचं आणि प्रत्येक मुलाने एक गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. आधी गोष्ट, मग तिळाचा लाडू. अण्णासाहेबांनी हा नियम कधी कुणासाठी मोडला नाही.

काय दिवस होते ते! क्वार्टरांच्या मधल्या हिरवळीवर ऊन यायचं. मुलं चटईवर पालथी पडून वाचायची, माझ्या झाकणावर शेंगांची टरफलं आणि संत्र्याच्या साली पडायच्या. येणारी-जाणारी माणसं म्हणायची, "ही ट्रंक नाही, शाळा आहे." मीही फुगून जायचे. पत्र्याला फुगता येत नाही म्हणतात, पण येतं.

मग काळ बदलला. घराघरांत केबल टीव्ही आला. लोक सरकारी क्वार्टर सोडून गुडगावला, नॉयडाला स्वतःच्या फ्लॅटमध्ये निघाले. अण्णासाहेब निवृत्त होऊन साताऱ्याला गेले. जाताना सुमित्राकाकूंनी मला लेकीच्या, केतकीच्या हवाली केलं.

केतकी तेव्हा नुकतीच गुडगावला राहायला गेली होती. तिसरा मजला, लिफ्टची फक्त जागा सोडलेली. खिडकीतून एकीकडे मोहरीचं शेत, दुसरीकडे क्रेन. नवरा धीरज मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, सकाळी साडेसहाला कंपनीची बस गाठणारा. ती स्वतः सकाळी एका नव्या शाळेत लहान वर्गाला शिकवायची. दोन वाजता घरी येऊन जेवणं उरकायची, आणि चारला पाण्याचा टँकर येईपर्यंतचा वेळ माझ्यापुढे मांडी घालून बसायची. मांडीवर बावीस चिठ्ठ्या, बाजूला निवलेला चहा. कितीदा पुस्तक हातात धरून तिथेच डुलक्या घ्यायची. मला तिची दया यायची.

तिला दोन मुलं. अक्षया सहा वर्षांची, हेरंब अकरा पूर्ण. त्या वर्षी हेरंबच्या गठ्ठ्यात पहिल्यांदा निळ्या पट्टीची पुस्तकं आली.

हेरंब वाचायचा छान. फडाफडा, न अडखळता. शाळेत हिंदी शिकलेला, अक्षरं तीच. चंद्रप्रभाकाकू आर. के. पुरमहून आल्या होत्या, या पुस्तकांचं आणि संक्रांतीच्या मेळाव्याचं सगळं आता त्याच बघायच्या. त्यांनी त्याला एक पान वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "काय सुरेख वाचतो गं! दिल्लीत वाढलाय असं वाटतच नाही."

केतकीचा चेहरा उजळला. कित्येक दिवसांनी मी तिला तशी पाहिली. तिने लगेच साताऱ्याला पत्र लिहिलं.

पण हेरंब वाचायला बसायचा तो माझ्याच अंगाला पाठ टेकून, म्हणून मला जे कळलं ते काकूंना कळलं नाही. कोकणातल्या एका मुलाची गोष्ट होती ती. पडवी, परसदार, खळं, न्हाणी. पान संपायचं, तो उलटायचा, डोळे मात्र तिथेच. एकदा त्याने विचारलं, "आई, परसदार मतलब?"

ती कणीक मळत होती. "घराच्या मागची जागा रे."

"अपने घर के पीछे तो दुसरा टॉवर आहे."

ती हसली. "वाच, पुढे आपोआप कळेल."

त्याने पुन्हा विचारलं नाही. अक्षया शेजारी खेळायला गेली की तो तिचं पिवळ्या पट्टीचं पुस्तक काढायचा आणि गुडघ्यांआड धरून अगदी शेवटपर्यंत वाचायचा. जिन्यात पावलं वाजली की ते सरकन माझ्यात. मी सगळं पाहत होते. पण ट्रंक कुणाला काय सांगणार?

संक्रांत आली. आर. के. पुरमच्या त्याच हिरवळीवर सगळे जमले. मलाही टेंपोत घालून नेलं होतं, पुस्तकं परत घ्यायला. हेरंब उभा राहिला आणि पहिलं पान त्याने जसंच्या तसं म्हणून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वा," चंद्रप्रभाकाकू म्हणाल्या. "आता तुझ्या शब्दांत सांग हं. तो मुलगा घर सोडून का गेला?"

हेरंबने आईकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"पता नहीं," तो म्हणाला.

"अगोबाई, गाडी पहिल्याच स्टेशनात बंद पडली वाटतं," काकू म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण सगळे हसले, लहान मुलंसुद्धा. काकूंनी त्याच्या हातावर लाडू ठेवला, म्हणाल्या, असू दे, असू दे. त्याने तो चटईवर ठेवून दिला.

घरी आल्यावर त्याने माझं झाकण आपटून बंद केलं. "मी मराठी बुक नाही वाचणार. कधीच नाही."

केतकीला वाटलं, चार दिवसांनी राग निवळेल. निवळला नाही. मे महिन्याची सुट्टी आली आणि गेली. आजीचं पत्र आलं तरी तो म्हणायचा, "तूच वाचून दाखव." तो घरात हिंदीतच बोलू लागला, आणि अक्षया दादासारखं बोलू लागली. माझ्यावर आधी इस्त्रीचे कपडे साचले, मग त्यांच्यावर इन्व्हर्टरचं रिकामं खोकं. वर्षभर मला कुणी उघडलं नाही. खोटं नाही सांगत, मला थोडं बरंही वाटलं. थकलेल्याला काळोख बरा वाटतो.

आणि आज, खट्.

केतकीने खोकं खाली ठेवलं, कपडे बाजूला केले, चिठ्ठ्या मांडीवर घेतल्या. सवयीने हात निळ्या पट्टीकडे गेला आणि थबकला. मग ती उगाचच इकडची पुस्तकं तिकडे करू लागली. एका पिवळ्या पट्टीच्या पुस्तकातून काहीतरी खाली पडलं. हेरंबचा शाळेच्या बसचा पास, गेल्या जानेवारीचा. हरवला म्हणून त्याने केवढी बोलणी खाल्ली होती. शेवटच्या दोन पानांच्या मधे तो खूण म्हणून ठेवलेला होता.

तिने ती शेवटची दोन पानं वाचून काढली.

मग उठली, फडकं ओलं करून आणलं आणि पट्ट्या काढू लागली. अण्णासाहेबांचा डिंक पक्का, सहजी सुटेना. तिची नखं तांबडी-निळी झाली. मधेच चंद्रप्रभाकाकूंचा फोन आला, गठ्ठे झाले का म्हणून. तिने सांगितलं काय चाललंय ते.

फोन कानापासून लांब धरावा लागला. "अगं, पट्ट्या काढल्यास? मग कुणाला काय द्यायचं ते कळणार कसं?"

"त्यांना विचारून, काकू."

"मुलांना विचारून कधी कामं झालीत?"

"न विचारता केलं, ते पाहिलं की आपण."

मित्रांनो, मला नवा रंग द्या असं मी म्हणणार नाही. माझा पोचा राहू दे. पण पुस्तकांना जपा, आणि पुस्तक ज्याच्या हातात द्याल त्याला आधी जपा. घटकाभर त्याच्या शेजारी बसा. आणि तुम्ही वाचणारे असाल, आणि एखादं पान कळलं नाही, तर तसं म्हणा. मोठ्याने म्हणा. न कळलेलं पुस्तक मनात घेऊन फिरणं फार जड असतं. माझा पत्रा त्या वजनाने वाकलेला आहे, मला ठाऊक आहे.

साडेतीनला मुलं आली. फरशीवर बिनपट्टीची पुस्तकं पसरलेली. अक्षयाने एक जाडजूड उचललं, त्यातलं जहाजाचं चित्र आवडलं म्हणून, आणि शेजारच्या मैत्रिणीला दाखवायला पळाली. हेरंब दारातच उभा होता. समोर त्याचा बसचा पास पडलेला त्याला दिसला. केतकीने हातातलं फडकं त्याच्याकडे सरकवलं.

तो बसला. एक तांबडी पट्टी घासू लागला.

"आई," मान वर न करता तो म्हणाला, "मी तेव्हाच सांगितलं असतं ना, मला समझ में नहीं आता म्हणून, तर तू रागावली असतीस?"

केतकीने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. मग तिला साताऱ्याला लिहिलेलं ते पत्र आठवलं.

खाली टँकर आल्याची आरोळी झाली. ती उठली नाही. हेरंब आता मान वर करून तिच्याकडे बघत होता.

"सांग ना. रागावली असतीस?"