जास्त हाय

सायकल दिसली तशी गोजरबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. पाखडायची ज्वारी तशीच राहिली. पाटाच्या बांधावरून चाँद पाशा येत होता, आणि चाँद पाशा या गावात सहज म्हणून कधी येत नसे.

पाटाकाठच्या सगळ्या गावांत मिळून सायकल एकच, ती त्याची. त्यामुळे कुणी गेलं की लेकीबाळींना निरोप द्यायला त्यालाच धाडत. निरोपाचे शब्द ठरलेले असत. ‘गेले’ असं म्हणायचं नाही, ‘जास्त हाय’ म्हणायचं. लेकीनं वाटेत ऊर बडवून घेऊ नये, धडपणी घरी पोचावी, यासाठी ही सोय. वर ‘तुमचंच नाव काढून राहिले’ एवढं जोडायचं. चाँद पाशा हे सगळं इतक्या मायेनं सांगे की ऐकणारी त्याच्यासमोर रडतसुद्धा नसे. पण बायका काही खुळ्या नव्हत्या. त्याची सायकल भिंतीला टेकली की घरातलं कुणीतरी आधी चुलीवरचा तवा उतरवी.

आज त्यानं सायकल भिंतीला टेकवलीच नाही. तो धापा टाकत अंगणात उभा राहिला.

“गोजर, चल. तुजा बाप जास्त हाय.”

एवढं बोलला आणि त्याची त्यालाच चूक कळली. तो घाईनं म्हणाला, “तसं न्हाई, पोरी. खरंच जास्त हाय. जिता हाय. तुजंच नाव काढून राहिला.”

गोजरबाईनं मान हलवली. “व्हय चाचा,” ती म्हणाली, आणि परातीत पीठ घेतलं.

“भाकरी काहून करून राहिली? येळ न्हाई!”

“तिकडं चूल पेटायची न्हाई. माणसं उपाशी ऱ्हातील.”

चाँद पाशानं कपाळाला हात लावला. सुतकाच्या घरी भाकरी बाहेरून न्यायची असते, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? त्याचं अर्धं आयुष्य याच लोकांच्या मौतीत गेलं होतं. सासू रूपाबाई सुनेशेजारी बसून मुकाट्यानं भाकरी भाजू लागली. त्यानं तिला विनवून पाहिलं. रूपाबाई डोळे पुसत म्हणाली, “तुमी लई चांगले हाव, पाशाभाई.”

गोजरबाईचा नवरा गाडी घेऊन वसमतच्या बाजाराला गेलेला. दुसरी गाडी जुंपली तरी गाडीवाट सगळ्या शिवाराला वळसा घालून जायची. बांधावरून सायकल सरळ जाई. रूपाबाईला सुनेनं सायकलीवर बसणं रुचलं नव्हतं, पण अशा वेळी कोण बोलणार? भाकरीचं गठुडं मांडीवर घेऊन गोजरबाई मागं बसली आणि चाँद पाशानं पायडल मारलं.

पाट कुणी खणला ते नक्की कुणालाच माहीत नव्हतं. निजामाच्याही आधीचा, एवढंच म्हातारे सांगत. नदीच्या जुन्या बंधाऱ्यापाशी त्याचं तोंड, तिथं गोजरबाईचं माहेर. आणि तो जिथं बारीक होऊन जिरून जाई तिथं सासर. मधे सपाट काळी रानं. शाळू निसवला होता, हळदीचा पाला पिवळा पडला होता. वाटेत ना चढ ना उतार, नजर अडेल असं काही म्हणून नव्हतं. गोजरबाईचा बाप तातेराव या पाटाचा पाटकरी. कुणाच्या रानाला कधी पाणी द्यायचं, दार कधी पाडायचं, हे तो ठरवी, आणि त्याचं ठरलं की ठरलं.

त्याच ठरण्यानं घात केला होता. मागं एका साली पावसानं मधेच दडी मारली. शेपटाकडच्या रानांची पाळी पाणी पोचायच्या आत संपली. गोजरबाईची हळद उभी वाळू लागली, तेव्हा ती चालत माहेरी गेली आणि बापाला म्हणाली, आबा, एक पाळी जादा द्या. बंधाऱ्यावर चार गावची माणसं जमलेली. तातेराव सगळ्यांदेखत म्हणाला, “पाटावर मला लेक न्हाई.” ती घराकडे न वळता तशीच परत आली. पुन्हा त्या वाटेनं गेली नाही, आणि त्यानंही बोलावणं धाडलं नाही. दोघंही एकाच मातीचे.

आज सकाळी त्यानं चाँद पाशाचा हात धरला होता. श्वास पुरत नव्हता. “तिला आण,” एवढंच म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा, “आण तिला.” लेकीचं तोंड पाहिल्याशिवाय दोस्ताचा जीव सुखानं जाणार नाही, हे चाँद पाशाला पक्कं कळलं होतं. म्हणून तो या वयात पोटऱ्या फुटेस्तोवर पायडल मारत होता.

“चाचा, दमानं,” मागून गोजरबाई म्हणाली. “आता कशाची घाई? माज्यासाठी थांबतीलच की. लेक आल्याबिगर मयत उचलत न्हाईत.”

“अगं, जिता हाय म्हनलं ना!”

तिनं मांडीवरचं गठुडं सावरलं.

बाभळींच्या ओळीपाशी फुस्स झालं. जगभर पेटलेल्या लढाईमुळे नवा टायर कुठं मिळत नव्हता. होता तो ठिगळांवर ठिगळं लावून चालवलेला. चाँद पाशा शिव्या देत खाली बसला, ट्यूब बाहेर ओढली आणि पाटाच्या पाण्यात धरून बुडबुडे शोधू लागला. गोजरबाई काठावर पाय सोडून बसली. वाटेतच रडून घ्यावं असं तिला वाटत होतं, पण रडू येईना.

“शेवटी काही बोलले व्हते का?” तिनं विचारलं.

“आण तिला, म्हनला. दोनदा.”

“शेजारच्या रुख्मिणीच्या बापानं बी असंच म्हनलं व्हतं. तुमीच तिला सांगितलं.”

चाँद पाशाचे हात थांबले. रुख्मिणीचा बाप ताप डोक्यात जाऊन गेला, शेवटचे दिवस त्याला स्वतःचं नावही आठवत नव्हतं. पण लेकीला तसं कसं सांगणार? त्यानं सांगितलं होतं, तुजंच नाव काढत व्हता. सगळ्यांनाच सांगितलं होतं. कधी कुणाचं वाईट व्हावं म्हणून नाही. आता खरं बोलायला त्याच्यापाशी वेगळे शब्दच उरले नव्हते. त्याला एकदम रडू फुटलं.

“गोजर, अल्लाची कसम घेऊन सांगतो—”

“नका चाचा.” तिनं त्याच्या खांद्याला हात लावला. “कसम नका घेऊ. माज्यापायी तुमाला पाप लागंल.”

त्याच्या रडण्यानं तर तिची खात्रीच पटली होती. त्यानं डोळे पुसले, ठिगळ चिकटवलं, हवा भरली. बंधाऱ्याची भिंत दिसू लागली तसा त्यानं वेग वाढवला.

वेशीतून आत शिरताच तातेरावच्या घराचा ओटा दिसला. ओट्यावर माणसं बसली होती, डोक्याला उपरणी गुंडाळून, गप्प. दुखणं जड झालेल्या माणसाच्या दारात बसतात तशी. पण गेलेल्याच्या दारातही माणसं तशीच बसतात. गोजरबाईनं चालत्या सायकलीवरून उडी टाकली. गठुडं वेशीत पडलं.

“थांब! गोजर!” चाँद पाशा ओरडला.

माहेरच्या वेशीपासून लेकीनं रडत यायचं असतं. गोजरबाईनं हेल काढला आणि सगळी गल्ली दारात आली.

“माज्या आबा रेऽ! तुजी लेक आली रे आबाऽ! मला लेक न्हाई म्हनला, अन् म्या खरं धरलं रेऽ! हळद वाळली तर वाळली, आबाऽ, म्या काहून रुसले रेऽ! माजा आबा पाटावानी सरळ, म्या सगळ्या गावाला सांगितलं रे आबाऽ, तुला तेवढं न्हाई सांगितलंऽ!”

उभ्या जन्मात बापाला तिनं ‘तू’ म्हटलं नव्हतं. गेलेल्याला रडताना माघारी राहिलेल्यांना ती मुभा असते. ओट्यावरची माणसं चटकन उठून उभी राहिली, पण तिला अडवायचं कसं ते कुणाला सुचेना. आत भावजय पारुबाई सासऱ्याच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होती. तिचा चमचा हातातच राहिला. जिवंत माणसाच्या कानावर त्याच्याच मरणाचं रडणं यावं, यासारखा अशुभ दुसरा प्रकार नाही.

“अगं बया,” ती पुटपुटली आणि बाहेर धावायला उठली.

तातेरावनं तिचा पदर धरला. चाँद पाशा गेल्यापासून बोट हलवायची ताकद नव्हती त्या माणसाला. डोळे टक्क उघडे होते आणि मान दाराकडे वळली होती. पारुबाई जागच्या जागी उभी राहिली.

रडणं ओट्यापर्यंत आलं, पायरी चढलं. “तुज्या हातचं पानी सगळ्या रानाला गेलं रेऽ, मला एकलीला—” आणि गोजरबाई उंबऱ्यात आली.

बाप तिच्याकडे बघत होता.

तिचा आवाज तिथंच तुटला. मागून चाँद पाशा आला, त्यानं आत पाहिलं आणि चौकटीला धरून खाली बसला. गोजरबाई कशीबशी बाजेपाशी गेली. लाजेनं आणि आनंदानं तिला वर बघवेना. तिनं बापाचे पाय धरले आणि त्यांवर डोकं टेकलं.

तातेराव वाट बघत राहिला. मग ओठ हलले. ऐकायला पारुबाईला वाकावं लागलं.

“थांबली काहून?”

गोजरबाईनं पदर डोक्यावर सारखा केला.

“आबा, तुमी बोलू नका,” ती म्हणाली. “तकलीफ व्हईल.”

तातेरावची नजर तिच्यावरून सरकली आणि पुन्हा दाराकडे लागली. बाहेर रडत होती ती दुसरीच कुणी असावी आणि अजून आत यायची राहिली असावी, तसा तो तिची वाट पाहू लागला.