धबधब्यातली वाम

आधीच सांगून ठेवतो, यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचाही बसला नव्हता, आणि ती तर पाद्री सांगेल ते सगळं खरं मानते.

"करवंटी रिकामी कर आणि सुरू हो," मेहुणा तोमासी म्हणाला. "थापा मारताना तुझा घसा कोरडा पडतो."

मी रिवाजाप्रमाणे टाळी वाजवली, यंगोनाच्या मुळीचं गढूळ पेय एका दमात घशाखाली घातलं आणि सुरू केलं.

आमच्या सेमेसाला बाप नाही. मोठा काका मी, तेव्हा त्याच्यासाठी मागणी घालायला तोंड उघडायचं ते मी. मुलगी वरच्या गावची, पेनायाची उनाइसी. शनिवारी वुनाकडचे लोक तिलाच मागायला येणार अशी कुणकुण लागली, म्हणून आम्ही दोघं शुक्रवारी सकाळीच डोंगर चढायला लागलो. देवमाशाचा दात दोरीनं माझ्या गळ्यात. आजोबांच्या वेळचा, आणि घरात तेवढा एकच. तो पुढे ठेवल्याशिवाय मुलगी मागायची कशी? रिकाम्या हातानं गेलो असतो तर पेनायानं चहा पाजून वाटेला लावलं असतं, आणि उनाइसी वुनाला गेली असती.

गावाच्या अलीकडे तो धबधबा. उंची एका माडाची, पण पाणी गोड आणि दात वाजतील इतकं गार. घामट अंगानं दुसऱ्याच्या गावात शिरायचं नसतं, म्हणून आम्ही अंघोळीला थांबलो. मी दात काढून खडकावर ठेवला. आता, चमकावा म्हणून त्याला सकाळी खोबरेल चोळलं होतं, आणि जरा सढळ हातानंच चोळलं होतं. तो खडकावरून असा सुळकन निसटला, जणू त्याला समुद्रात परत जायची घाई झाली होती.

सेमेसाच्या तोंडचं पाणी पळालं. "काका, आता?"

"आता तू गप्प बस," मी म्हटलं आणि बुडी मारली.

डोह एवढा खोल, की खाली जाता जाता मला भूक लागली. तळाशी एक वाम बसलेली, माझ्या मांडीएवढी जाड, आणि दात दोरीसकट तिच्या गळ्यात. मी म्हटलं, बाई, तुला शोभतो खरा, पण आमच्या पोराचं लग्न अडलंय. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मग मी कमरेचा उकडलेला अळकंद सोडला.

"पाण्याखाली," तोमासी म्हणाला.

"केळीच्या पानात बांधलेला होता. मध्ये बोलू नकोस."

वामीनं कंद खाल्ला आणि आणखी मागितला. संपला म्हटल्यावर ती निमूट माझ्यामागून वर आली, काठावर चढली आणि ओल्या गवतातून सळसळत थेट पेनायाच्या दारात. तिथं मान खाली घालून तिनं दात चटईवर ठेवला. पेनाया म्हणाला, पाण्यातली म्हातारी ज्यांच्या वतीनं शब्द टाकते, त्यांना नाही कसं म्हणू? त्यानं दात दोन्ही हातांनी उचलला, तेव्हा कुठं माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. सेमेसा तर तिथंच आडवा झाला आणि हसत सुटला.

माझं एवढं सांगून होईपर्यंत उनाइसी आतून आम्हा सगळ्यांसाठी भाजलेली केळी घेऊन आली होती. तिनं टोपली खाली ठेवली आणि नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या सेमेसाच्या, शेजारी टेकली.

"काका, वाम कुठली आणि डोह कुठला," ती म्हणाली. "तिथं तुमचे गुडघेसुद्धा भिजत नाहीत. मी खडकाआड कोळंबी पकडत होते, तर दात माझ्याच जाळ्यात आला. हे रडत होते आणि तुम्ही ह्यांच्याहून जास्त. मीच तो तुमच्या गळ्यात घातला आणि म्हटलं, आधी नाक पुसा, मग बाबांपुढे जा."