दातांत अडकलेलं नाव

मी कानस बोलतेय. वीतभर लांब, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने गोलसर. लाकडी मूठ कधीच फुटली. शेपटीला चिंधी गुंडाळलेली आहे. मला पाहून कुणाला वाटणार नाही, की दहा वर्षं मी वसईच्या बाजारात जुन्या वस्तूंचे भाव ठरवत होते. तेव्हा मला त्याचा केवढा तोरा होता! आज तेच सांगताना मान वर होत नाही.

माझा मालक दिनानाथ. सातिवलीच्या एका गाळ्यात तो फिटर होता. त्र्याण्णव साली गाळा बंद झाला, तेव्हा गाळ्याचा मालक म्हणाला, "आठवण म्हणून काय हवं ते न्या." बाकीच्यांनी पंखे उचलले. याने मला उचललं.

मग वसई गावात त्याने हातभर रुंदीचं दुकान टाकलं. जुनी पितळ, दिवे, घड्याळं आणि धातूच्या बोटभर मूर्ती. शिपाई, बैल, घोडे, देव्हाऱ्यातले टाक. त्याला शिकवणारं कुणी नव्हतं. शिकला तो फसून शिकला. एकदा एक हत्ती पितळेचा म्हणून घेतला आणि आतून जस्त निघालं. सगळ्या बाजाराने महिनाभर त्याला "या, हत्तीवाले!" म्हणून चिडवलं. त्या दिवसापासून त्याचा नेम ठरला. आलेली वस्तू उलटी करायची आणि बुडाला माझे दोन हात द्यायचे. बुडाला कोण बघतं? पिवळी चकाकी आली की पितळ. कोरडी खरखर झाली की जस्त. शिसं मात्र लोण्यासारखं मऊ, माझ्या दातांत गच्च बसायचं.

"बसा हो मावशी, चहा घ्या," तो म्हणायचा. गिऱ्हाइकाचा चहा संपेपर्यंत माझा निकाल लागलेला असे.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात क्लेमेंटीन बाई दुकानात आल्या. निवृत्त शिक्षिका. दिनानाथला त्यांनी चौथीत शिकवलेलं. त्यांना पाहताच हा पंचेचाळिशीचा बाप्या स्टुलावरून ताडकन उठून उभा राहिला.

बाईंच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात नाताळचा गोठा. मरिया, योसेफ, तीन राजे, मेंढपाळ, गाय, गाढव, उंट, दोन मेंढ्या. बाईंचा भाऊ निकोलस जहाजावर होता. त्याने तरुणपणी परदेशातून आणलेला. एका राजाचा मुकुट गेलेला, उंटाला कान नाहीत, मेंढपाळाच्या तुटक्या हाताच्या जागी काडेपेटीची काडी चिकटवलेली.

"निकोलस गेला. आता त्याचा मुलगा एरॉल म्हणतो, हे भंगारात घाल, यंदा फायबरचा आणू, लाइटवाला," बाई म्हणाल्या. "माझं त्याला पटत नाही. तुझं पटेल. किती किंमत येईल ते दुकानाच्या कागदावर लिहून दे. कवडीचं नाही म्हणालास तर मी गप्प बसेन."

"बाई, तुम्ही बसा तर खऱ्या. आता बघा तुमच्या विद्यार्थ्याची कमाल!"

इथेच घात झाला. चष्मा खणात राहिला. हा बाईंकडे बघत हत्तीची गोष्ट रंगवून सांगतोय, बाई हसताहेत आणि याचा हात मला चालवतोय. पहिल्याच राजाच्या बुडाला मला काहीतरी लागलं. बारीक उंचवटे. अक्षरं. जन्मभर धातूवर फिरलेली मी, मला कळलं नाही असं कोणत्या तोंडाने म्हणू? अडखळायला हवं होतं. पण शिसं मऊ होतं, बाई कौतुकाने बघत होत्या आणि कौतुक मलाही आवडायचं. दोन हात दिले, बूड लख्ख. एकामागून एक अकराही.

"शिसं आहे हो," दिनानाथ म्हणाला. "तरी बघतो काय होतं ते. रविवारपर्यंत डबा राहू दे."

शनिवारी प्लासिड डॉक्टर आले. त्यांना असल्या मूर्ती जमवायचा नाद. डबा उघडून हरखलेच.

"अरे वा, दिनूशेठ! रंग मूळचा आहे!"

"हात तुटलाय, डॉक्टर."

"तुटू दे की! तुटका हात चालतो, उडालेला रंग चालतो. खाली नाव असलं तर..." त्यांनी राजा उलटा केला. मग गाय. मग गाढव. "हे घासलं कुणी?"

"घासल्याशिवाय धातू कसा कळणार?"

"अहो, बनवणाऱ्याचं नाव तिथेच असतं. आणखी कुठे असणार, कपाळावर? ते असतं तर आत्ता मागाल ती किंमत दिली असती. नाव गेलं की नुसती बाहुली उरली."

"नाव नव्हतंच मुळी," दिनानाथ झटकन म्हणाला.

डॉक्टर गेल्यावर त्याने चष्मा लावला आणि मला उन्हात धरलं. दात शिशाने बुजलेले. त्यात काय वाचणार?

रविवारी बाई चर्चमधली मिस्सा आटोपून थेट आल्या. रुमालातून त्यांनी अंगठ्याएवढं बाळ काढलं. "हा राहिलाच. नाताळच्या रात्री गव्हाणीत ठेवतो आम्ही याला, तोवर माझ्या कपाटात असतो. यालाही घास, म्हणजे झालं."

दिनानाथने सवयीने मला उचललं, बाळ उलटं केलं. या खेपेला चष्मा डोळ्यांवर होता. बुडाला तांदळाच्या कणीएवढी अक्षरं होती. कारागिराचं नाव आणि खाली साल.

त्याचा हात थांबला. बाई दाराकडे वळून कुणाला तरी हाक मारत होत्या, "अगं मार्गारेट, थांब, येतेच!" माझे दोन हात, की कुणाला कधी काही कळलं नसतं. डॉक्टरांना सांगितलेलं खोटं खरं झालं असतं. मी त्या नावावर टेकलेली. त्याच्या तळव्याचा घाम माझ्या चिंधीत उतरत होता. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, आपण बोथट असतो तर!

मग त्याने मला खाली ठेवलं.

"बाई, हे भिंग घ्या. बुडाला बघा." त्याने बाळ पुढे केलं. "असं नाव अकराही मूर्तींवर होतं. मी न बघता घासून टाकलं. वर काल डॉक्टरांना म्हणालो, नव्हतंच."

बाईंनी भिंगातून बाळ पाहिलं, मग डब्यातली एकेक मूर्ती उलटून पाहिली. चहावर साय धरली.

"चौथीतही असाच होतास. गणित चुकलं की मी बाकापाशी येईपर्यंत थुंकी लावून पाटी पुसून मोकळा. आत्ताही पुसायचं मनात होतं ना?"

"होतं."

"मग हेच कागदावर लिही. एरॉलच्या नावाने."

त्याने लिहिलं. "अकरा मूर्तींवर नाव होतं, माझ्या हातून गेलं. बारावी बघावी. मोडीत घालू नये." खाली सही. बाईंनी शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि हात पुढे केला. "ती कानस दे इकडे." वर्गात बेचकी जप्त करतात तशी.

एरॉलने कागद वाचला. "म्हणजे विकण्यासारखं काही उरलंच नाही?" तो चिडून म्हणाला. बाईंनी नुसतं बाळ त्याच्या तळहातावर उलटं ठेवलं. त्याने ते दिव्याजवळ नेऊन वाचलं, अंगठ्याने पुसून पुन्हा वाचलं. फायबरचा विषय त्या घरात मग निघाला नाही.

मेंढपाळाचं बूड मी तिरकं घासलं होतं. तो उभाच राहीना. बाईंनी पेंढ्याखालून मला त्याच्या पायाशी सरकवलं, तेव्हा कुठे तो सावरला. दर नाताळला माझी जागा तीच. दिनानाथही येतो. हात पाठीमागे बांधून उभा राहतो, कशालाही शिवत नाही.

तुमच्याकडे कुणी जुनी वस्तू घेऊन आलं, तर आधी चष्मा लावा आणि मगच आमच्यासारखीला हात घाला. आणि एक विनवणी. मी गंजले तरी तारेच्या ब्रशाने मला साफ करू नका. माझ्या दातांत एकच नाव अकरा वेळा अडकलेलं आहे. त्या अकरांना आता दुसरी जागा नाही.