किरणांचं निमित्त

रविवारी सकाळी मेघना मसालेभाताची तयारी करत असताना बेल वाजली. दारात समोरच्या हेमांगीताई होत्या. डोंबिवलीच्या त्या सोसायटीत आल्यापासून सहा वर्षं मेघनाला त्यांचाच आधार. घरात काही चांगलंचुंगलं केलं की पहिला डबा त्यांच्याकडे जायचा.

"मेघना, आज महिला मंडळाच्या जेवणाला तू खायचं काही आणू नकोस गं," त्या दारातच घुटमळत म्हणाल्या. "बायका घाबरल्यात. तू त्या रेडिएशनच्या कारखान्यात ना... हातातून अन्नाला लागतं म्हणे."

मसाल्यांना किरणं देऊन जिथे जंतू मारतात, तिथल्या प्रयोगशाळेत मेघना कामाला होती. ती हसली. "ताई, एक्स-रे काढून आलेला माणूस किरणं घेऊन घरी येतो का? हेही तसंच. जंतू मरतात, किडे मरतात, मसाल्यात किरणं उरत नाहीत. ठरलेल्या मात्रेत दिली तर खायला काही धोका नाही."

"मला पटतं गं. पण चारचौघींना कोण सांगणार?"

"मी सांगते ना!"

"नको, उगाच वाद," म्हणत त्या गेल्या.

भीती आहे, समजावली की जाईल, असं मानून मेघनाने भात शिजत टाकला. तेवढ्यात हेमांगीताईंची सून ऐश्वर्या आली. चेहरा उतरलेला. तिने मोबाइल पुढे केला. मेघना वगळून बायकांचा एक वेगळाच ग्रुप होता. त्यात हेमांगीताईंनी लिहिलं होतं : 'तिला रेडिएशनचं सांगते. जातीचं काढलं तर तक्रार करेल. तिच्याकडचं मीही कधी खाल्लं नाही. डबा आला की कचऱ्यात.'

मेघनाने ते पुन्हा एकदा वाचलं. मागे एकदा ती खिरीत साखर घालायलाच विसरली होती. डबा पोचल्यावर लक्षात आलं, तर हेमांगीताई म्हणाल्या होत्या, "अगदी माझ्या आईच्या हातची चव!" केवढ्या मोठ्या मनाची बाई, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

दुपारी ती पातेलं घेऊन सोसायटीच्या हॉलमध्ये गेली आणि टेबलावर सगळ्यांच्या पदार्थांशेजारी ते ठेवलं. बायका वळून बघू लागल्या.

"किरणांची ज्यांना खरंच भीती वाटते, त्यांनी विचारा. मी दिवसभर उत्तरं देईन, त्यात लाजायचं काही नाही," ती म्हणाली. "पण हेमांगीताई, तुम्हाला किरणांची भीती नव्हती. सहा वर्षं तुम्ही माझं अन्न नासवलंत, आणि आज जातीचं कारण लपवायला माझी विद्याही वापरलीत."

"तुझा गैरसमज होतोय गं..."

"तुमचं लिहिलेलं मी वाचलंय. यापुढे माझा डबा तुमच्या दारात येणार नाही."

ऐश्वर्या जेवणासाठी लागलेल्या रांगेतून पुढे आली आणि तिने पातेल्याचं झाकण काढलं.

"ऐश्वर्या, मागे हो!" सासू ओरडली.

"मला भूक लागलीय, आई," ती म्हणाली आणि भात वाढून घेऊन मेघनाशेजारी जाऊन बसली.

मागे वीसएक बायका रिकाम्या ताटल्या घेऊन उभ्या होत्या. शिकलेल्या, नोकरदार, एरवी मेघनाशी हसून बोलणाऱ्या. कोणी फरशीकडे बघत होतं, कोणी हेमांगीताईंकडे. वाचकहो, त्या रांगेत आपली ताटली असती, तर ती कुठे वळली असती?